वस्तुमानाचा ताळेबंद

रासायनिक अभिक्रियेत भाग घेणाऱ्या सर्व पदार्थांचे एकूण वस्तुमान आणि त्या अभिक्रियेतून तयार होणाऱ्या सर्व पदार्थांचे एकूण वस्तुमान समान असते, हे विधान शालेय पाठ्यपुस्तकांत ‘द्रव्य अक्षय्यतेचा नियम’ या नावाने येते आणि बहुतेक विद्यार्थी ते दोन गुणांचे उत्तर म्हणून पाठ करून मोकळे होतात. विधान सोपे आहे, परंतु रोजच्या अनुभवाची साक्ष त्याच्या बाजूची नाही. चुलीत पाच किलो लाकूड घातले तर मागे उरणारी राख ओंजळभर असते. मेणबत्ती जळून संपते तेव्हा ताटलीत मेणाचे चार थेंबच काय ते राहतात. उलट गंज झडू न देता तोलला तर गंजलेला खिळा मूळच्या खिळ्यापेक्षा जड भरतो. एकीकडे घट आणि दुसरीकडे वाढ दाखवणाऱ्या या प्रकारांतून ‘काहीच घटत नाही आणि काहीच वाढत नाही’ असा निष्कर्ष कोणी सहज काढणार नाही, आणि इतिहासात तो तसा सहज निघालाही नाही. तराजू माणसाच्या हाती हजारो वर्षे होता. तरीही हा नियम रसायनशास्त्रात स्थिर व्हायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. याचे कारण तराजू ओबडधोबड होते हे नव्हे. अभिक्रियेत नेमके काय काय सामील आहे, म्हणजेच हिशेबाची हद्द कोठे आखायची, हे ठरवता येत नव्हते, हे खरे कारण आहे.

येथे तीन-चार संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. अभिक्रियेत जे पदार्थ खर्ची पडतात त्यांना अभिकारक म्हणतात आणि जे नवे पदार्थ तयार होतात त्यांना उत्पादिते म्हणतात. पदार्थातील द्रव्यसंचय म्हणजे वस्तुमान, तर त्या वस्तुमानावर पृथ्वीचे जे गुरुत्वबल कार्य करते ते वजन. एकाच ठिकाणी, एकाच तराजूवर तुलना करायची असेल तेव्हा वजनावरून वस्तुमान ठरवण्यात अडचण येत नाही, मात्र एक छुपा अपवाद आहे आणि तो पुढे येईल. ज्या पात्रातून कोणताही पदार्थ बाहेर जात नाही आणि ज्यात बाहेरून काही येत नाही त्या पात्राला, त्यातील सर्व पदार्थांसह, बंदिस्त संस्था म्हणतात. नियमाचे संपूर्ण विधान याच संज्ञेला टेकलेले आहे, आणि उत्तरपत्रिकांतून नेमकी तीच बहुतेक वेळा गळते.

चुन्याचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा असल्याने तेथे शुद्ध चुनखडक दुर्मीळ आहे, म्हणून सिमेंट येण्यापूर्वी वाडे, किल्ले आणि देवळे बांधताना काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे गोटे वेचून भट्टीत भाजत. चुनखडी म्हणजे रासायनिक भाषेत कॅल्शिअम कार्बोनेट. ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिचे विघटन होते, कार्बन डायऑक्साइड वायू धुराबरोबर निघून जातो आणि कॅल्शिअम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, मागे राहतो. भट्टीतून निघालेला खडा आकाराने जवळपास पूर्वीएवढाच दिसतो, पण हातात घेताच तो पोकळ असल्यासारखा हलका लागतो, कारण १०० किलो शुद्ध चुनखडीतून केवळ ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो वायू हवेत गेलेला असतो. या कळीवर पाणी ओतले की ती सळसळते, तडकते, वाफा सोडते आणि बघता बघता फुलून पांढरी भुकटी होते. ५६ किलो चुना १८ किलो पाणी पोटात घेतो आणि ७४ किलो विरलेला चुना, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, तयार होतो. (प्रत्यक्षात पाणी याहून बरेच जास्त ओतावे लागते, कारण अभिक्रियेच्या उष्णतेने त्यातील काही वाफ होऊन उडून जाते.) हा चुना वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीत भरला की तो हळूहळू घट्ट होतो, आणि हा घट्टपणा केवळ वाळण्याचा नसतो. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट बनतो. ७४ किलो चुन्याला ४४ किलो वायू लागतो आणि १०० किलो कार्बोनेट व १८ किलो पाणी मिळते. जाड भिंतीच्या आतल्या थरापर्यंत वायू पोहोचायला वर्षानुवर्षे लागतात.

भट्टीत गमावलेले ४४ किलो भिंतीत परत आले, विरवताना घेतलेले १८ किलो पाणी परत गेले आणि अखेरीस हाती पुन्हा १०० किलो चुनखडीच आली. भट्टीवाल्याला माल घटलेला दिसतो, गवंड्याला तो वाढलेला दिसतो, आणि दोघांचेही निरीक्षण आपापल्या जागी बरोबर आहे. पण दोघांपैकी कोणाच्याही तराजूत हवा नसते. हवेला वजन आहे, आणि हवा हा एकच पदार्थ नसून तिच्यात निरनिराळे वायू आहेत ज्यांपैकी एखादाच अभिक्रियेत भाग घेतो, या दोन गोष्टी कळल्याखेरीज हे दोन हिशेब एकमेकांना जोडता येत नाहीत.

तत्त्वचिंतनाच्या पातळीवर ‘नसलेल्यातून काही निर्माण होत नाही’ हा विचार अर्थातच फार जुना आहे. सांख्य दर्शनातील सत्कार्यवाद, म्हणजे कार्य हे उत्पन्न होण्यापूर्वीही कारणात अस्तित्वात असते हे मत, त्याच वळणाचे आहे, आणि प्राचीन ग्रीक विचारवंतांनीही तशी विधाने केलेली आहेत. अशा विधानांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यांतच विज्ञानाचा नियम आधीपासून सांगून ठेवला होता असे म्हणणेही रास्त नाही, कारण कशाचे वजन करायचे, केव्हा करायचे आणि आकडे जुळले नाहीत तर दोष कोठे शोधायचा, हे त्यांतून कळत नाही.

आकडे घेऊनही हद्द चुकली तर काय होते, याचे उत्तम उदाहरण फ्लेमिश वैद्य यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट याचे आहे. त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील प्रयोगात त्याने २०० पौंड सुकवलेली माती एका कुंडीत भरून तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले, पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले आणि अखेर झाड तोलले तेव्हा ते १६९ पौंडांहून थोडे अधिक भरले, तर मातीत घट आढळली ती जेमतेम २ औंसांची. झाडाचे सारे द्रव्य पाण्यापासूनच बनले असा निष्कर्ष त्याने काढला. दुसरीकडे याच माणसाने ६२ पौंड कोळसा जाळल्यावर केवळ १ पौंड राख उरते हे नोंदवून उरलेले ६१ पौंड एका अदृश्य वायूच्या रूपाने गेले असे प्रतिपादन केले होते. जळताना लाकडातून जो वायू बाहेर पडतो तोच वाढताना झाडाने आत घेतला असावा, अशी सांगड त्याला घालता आली नाही. कुंडीच्या हद्दीत त्याने माती आणि पाणी धरले, हवा धरली नाही. तोलण्यात त्याची चूक नव्हती.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्वलनाचे जे स्पष्टीकरण युरोपात मान्य होते ते फ्लॉजिस्टन सिद्धान्ताचे. योहान बेखर याच्या कल्पनेला गेऑर्ग श्टाल याने दिलेल्या रूपानुसार प्रत्येक ज्वलनशील पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे एक तत्त्व असते आणि पदार्थ जळतो तेव्हा ते बाहेर पडते. धातू तापवल्यावर त्याची जी भुकटी होते तिला भस्म म्हणत, आणि धातू म्हणजे भस्म अधिक फ्लॉजिस्टन असे मानत. भस्म कोळशाबरोबर तापवले की पुन्हा धातू मिळतो, कारण फ्लॉजिस्टनने भरलेला कोळसा आपल्याजवळचे तत्त्व भस्माला देतो. आज हा सिद्धान्त हास्यास्पद ठरवण्याची पद्धत असली तरी ज्वलन, गंजणे आणि धातू गाळणे या वरवर वेगळ्या क्रिया मुळात एकाच जातीच्या आहेत हे त्याने ओळखले होते, आणि ती ओळख बरोबर होती. दिशा मात्र उलटी होती. काहीतरी बाहेर पडत असेल तर भस्म धातूपेक्षा हलके भरायला हवे. प्रत्यक्षात ते जड भरते.

ही अडचण फ्लॉजिस्टनच्याही आधीपासून माहीत होती. फ्रेंच वैद्य जाँ रे याने १६३० मध्येच कथिल आणि शिसे तापवल्यावर वाढणाऱ्या वजनाचे श्रेय हवेला दिले होते, पण त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट बॉईलने १६७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धातू बंद काचपात्रात तापवला. मात्र तोलण्यापूर्वी त्याने पात्राचे तोंड फोडले. तोंड फोडताच बाहेरची हवा सूं करून आत शिरल्याचेही त्याच्या ध्यानात आले होते. तरीही वाढलेल्या वजनाचा अर्थ त्याने अग्नीचे सूक्ष्म कण काचेतून आरपार जाऊन धातूला चिकटले असा लावला. तोलण्याचा आणि फोडण्याचा क्रम उलटा असता तर कदाचित रसायनशास्त्राचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला असता. तो क्रम रशियात मिखाइल लोमोनोसोव्ह याने १७५६ मध्ये उलटवला, आणि पात्र न फोडता तोलले तर वजनात फरक पडत नाही असे त्याला आढळले. पण पश्चिम युरोपातील रसायनशास्त्रज्ञांपर्यंत हे काम त्या काळी पोहोचले नाही. १७७२ मध्ये दिजाँ येथील गितों द मोर्व्हो याने काळजीपूर्वक प्रयोग करून तापवल्यावर सर्वच धातूंच्या भस्मांचे वजन वाढते हे दाखवले, आणि मग फ्लॉजिस्टन हवेपेक्षाही हलके असल्यामुळे ते गेल्यावर पदार्थ जड भरतो, अशी सारवासारव सुरू झाली.

आंत्वान लाव्हाझिए (१७४३–१७९४) या प्रश्नाकडे वळला तेव्हा वजनावर विसंबण्याची सवय त्याच्या अंगी मुरलेली होती. १७६८–६९ मध्ये त्याने पाणी उकळल्यावर भांड्यात जो मातकट साका उरतो तो पाण्याचीच माती झाल्यामुळे उरतो काय, या जुन्या वादाचा निकाल लावला होता. ज्याची वाफ पुन्हा त्याच पात्रात थंड होऊन परतते अशा बंद काचपात्रात त्याने पाणी १०१ दिवस सतत तापते ठेवले आणि अखेर पाणी, साका आणि रिकामे पात्र वेगवेगळे तोलले. पाण्याचे वजन घटले नव्हते, पात्राचे घटले होते, आणि ती घट साक्याच्या वजनाच्या जवळपास होती. साका काचेचा होता. येथे पात्रालाही हिशेबात धरले गेले, ही बाब नजरेआड होऊ नये.

१ नोव्हेंबर १७७२ रोजी त्याने गंधक आणि फॉस्फरस जळताना वजनाने वाढतात आणि ही वाढ हवेमुळे होते, असे टिपण मोहोरबंद करून फ्रेंच विज्ञान अकादमीकडे ठेवले. १७७४ मध्ये बॉईलचाच प्रयोग त्याने कथिल आणि शिसे घेऊन पुन्हा केला. धातू काचेच्या लांब, वाकड्या तोंडाच्या पात्रात घालून, पात्र फुटू नये म्हणून आधी थोडे तापवून काही हवा बाहेर घालवून, तोंड वितळवून बंद करायचे; सगळे तोलायचे; धातूवर भस्माची साय धरेपर्यंत तापवायचे; थंड करून पुन्हा तोलायचे; आणि त्यानंतरच तोंड फोडायचे. बंद पात्राच्या वजनात फरक पडला नाही, म्हणजे अग्नीचे कण काचेतून आत गेल्याची कल्पना निकालात निघाली. तोंड फोडल्यावर हवा आत शिरली आणि वजन वाढले; ही वाढ आणि कथिलाच्या वजनातील वाढ जवळपास सारखी निघाली. जेवढी हवा धातूने घेतली होती तेवढीच नवी हवा तिच्या जागी आली होती.

हवेचा कोणता भाग धातू घेतो हे पाऱ्याच्या प्रयोगाने उघड झाले. ऑक्टोबर १७७४ मध्ये पॅरिसला आलेल्या जोसेफ प्रीस्टली याच्याकडून पाऱ्याचे लाल भस्म तापवल्यावर ज्वलनाला विलक्षण मदत करणारा एक वायू मिळतो असे लाव्हाझिएला समजले होते. त्याने पुढे ४ औंस पारा ५० घनइंच हवेच्या सान्निध्यात बारा दिवस उकळण्याच्या बेताला ठेवला. पाऱ्यावर लाल कण जमले, हवा ४२-४३ घनइंचांवर आली आणि उरलेल्या हवेत मेणबत्ती विझू लागली. ते लाल भस्म गोळा केल्यावर ४५ ग्रेन भरले. अधिक तापवल्यावर त्यातून साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायू निघाला. भस्म आणि पारा यांच्या वजनांतील फरक साडेतीन ग्रेन, आणि त्या वायूचे घनइंचाला वजन सुमारे अर्धा ग्रेन. म्हणजे आकारमानावरून काढलेले वजन आणि तराजूवरून काढलेले वजन एकमेकांना दुजोरा देतात. आजच्या अणुवस्तुमानांप्रमाणे या भस्मात, म्हणजे मर्क्युरिक ऑक्साइडमध्ये, ऑक्सिजनचे प्रमाण ७.४ टक्के येते. लाव्हाझिएच्या आकड्यांवरून ते ७.८ टक्के निघते. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या हातकामाला हे शोभून दिसते.

या संशोधकाच्या पोटापाण्याचा व्यवसाय वसुलीचा होता. राजासाठी कर गोळा करणाऱ्या खासगी मंडळाचा तो भागीदार होता, आणि १७८० च्या दशकात पॅरिसभोवती जकात चुकवेगिरी रोखण्यासाठी जी भिंत उभारली गेली तिच्या कल्पनेमागे त्याचाही हात होता. शहराला वेढा घालून नाक्यांवर आत-बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद करणे आणि काचपात्राचे तोंड वितळवून बंद करणे या दोन्हींमागचा हिशेबी स्वभाव एकच आहे. त्या मंडळामुळे अचूक तराजू घडवून घेण्याइतका पैसा त्याला मिळाला आणि त्याच मंडळाच्या सभासदत्वापायी ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याची पत्नी मारी-आन पोल्झ हिने त्याच्या ग्रंथातील उपकरणांची चित्रे काढली आणि फ्लॉजिस्टनच्या बाजूने लिहिलेल्या रिचर्ड कर्वनच्या इंग्रजी ग्रंथाचे फ्रेंच भाषांतरही केले, ज्याच्याबरोबर विरोधी टिपा छापून त्या सिद्धान्ताचा समाचार घेण्यात आला.

नियमाचे सुप्रसिद्ध विधान १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात येते, तेही स्वतंत्र प्रकरणात नव्हे तर साखरेपासून मद्य बनण्याच्या किण्वनक्रियेच्या वर्णनात. ४०० पौंड पाणी, १०० पौंड साखर आणि १० पौंड यीस्ट अशा ५१० पौंडांपासून त्याने सुरुवात केली, उत्पादितांचे कोष्टक मांडले आणि बेरीज पुन्हा ५१० पौंड आणून दाखवली. कोष्टक ग्रेनपर्यंत बारकाईने भरलेले आहे आणि त्यातील काही आकडे चांगलेच चुकलेले आहेत. त्याच्या मते सुमारे ९६ पौंड साखर खर्ची पडून सुमारे ३५ पौंड कार्बन डायऑक्साइड आणि ५८ पौंडांच्या जवळपास अल्कोहोल तयार झाले. आजच्या गणिताने तेवढ्या साखरेपासून ४९ पौंड कार्बन डायऑक्साइड आणि ५२ पौंडांच्या आसपास अल्कोहोल मिळायला हवे. म्हणजे बेरीज जुळली, रकमा चुकल्या. याचा अर्थ असा की येथे नियम सिद्ध केला जात नव्हता. तो गृहीत धरून, जे मोजता आले नाही ते त्याच्या आधाराने भरून काढले जात होते. पाठ्यपुस्तके लाव्हाझिएने नियम ‘शोधून काढला’ असे सांगतात, परंतु त्याने नियमाला कामाला लावले असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. अभिकारक एका बाजूला, उत्पादिते दुसऱ्या बाजूला आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह, ही समीकरणाची मांडणी त्याच प्रकरणात दिसते.

वस्तुमान का टिकते याचे उत्तर जॉन डाल्टनच्या अणुवादाने दिले, ज्याची सविस्तर मांडणी १८०८ मध्ये प्रसिद्ध झाली. अभिक्रियेत अणू निर्माण होत नाहीत व नष्टही होत नाहीत, त्यांच्या जोड्या मोडतात आणि नव्या जुळतात. प्रत्येक अणूला ठरावीक वस्तुमान असल्याने अणूंची संख्या कायम राहिली की एकूण वस्तुमानही कायम राहते. रासायनिक समीकरण संतुलित करणे म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूंची संख्या दोन्ही बाजूंना सारखी करणे. मात्र टिकते ते वस्तुमान आणि अणूंची संख्या. रेणूंची संख्या टिकलीच पाहिजे असे नाही, आणि आकारमान तर मुळीच नाही. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक, अशा तीन रेणूंपासून पाण्याचे दोनच रेणू बनतात, आणि त्याच प्रमाणात त्याच तापमानाला व दाबाला तीन लिटर वायूंपासून दोन लिटर वाफ मिळते. वस्तुमान मात्र ४ ग्रॅम अधिक ३२ ग्रॅम बरोबर ३६ ग्रॅम असे चोख राहते. ‘डावीकडे तीन आणि उजवीकडे दोन, मग एक गेला कोठे’ हा वर्गात हमखास येणारा प्रश्न मूर्खपणाचा नाही. तो चुकीच्या गोष्टीची मोजणी करतो, एवढेच.

घरगुती गॅस सिलिंडरवर हे गणित करून पाहण्याजोगे आहे. सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असला तरी सोयीसाठी सगळा ब्युटेन मानला, तर ५८ ग्रॅम ब्युटेनला पूर्ण ज्वलनासाठी २०८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ९० ग्रॅम पाण्याची वाफ मिळते. या हिशेबाने एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरातील हवेतून जवळपास ५१ किलो ऑक्सिजन घेतला जातो आणि त्यातून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाणी बाहेर पडते. चौदा किलो इंधनातून त्रेचाळीस किलो वायू कसा, हे कोडे ऑक्सिजनची बाजू मांडताच सुटते.

शाळेत हा नियम पडताळताना खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा प्रयोग सर्रास केला जातो, आणि वायू अडवण्यासाठी बाटलीच्या तोंडाला फुगा लावला जातो. येथे मघाशी म्हटलेला छुपा अपवाद आडवा येतो. हवेत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर, तिने बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतके प्लावक बल वरच्या दिशेने कार्य करते, आणि एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असते. दोन ग्रॅम सोड्यापासून अर्ध्या लिटरहून थोडा अधिक वायू निघतो, फुगा तेवढा फुगतो, तेवढी हवा बाजूला सारतो आणि ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणारा काटा सहा-सात दशांश ग्रॅम घट दाखवतो, जरी एकही रेणू निसटलेला नसला तरी. मग ‘फुगा गळत असावा’ असे म्हणून वेळ मारून नेली जाते आणि बिचाऱ्या फुग्यावर नसता आळ येतो. त्याऐवजी एक लिटरची शीतपेयाची जाड प्लास्टिकची बाटली घ्यावी, तीत ४० मिलिलिटर व्हिनेगर घालावे, टिश्यू कागदाच्या पुरचुंडीत २ ग्रॅम सोडा बांधून ती कोरड्या गळ्याशी अडकवावी आणि झाकण घट्ट लावून बाटली तोलावी. बाटली हलवून पुरचुंडी आत पाडली की फेस येतो, बाटली टणक होते, पण आकार जवळपास तोच राहत असल्याने काट्यावरचा आकडा हलत नाही. झाकण सैल करताच फुस्स आवाज होतो आणि आकडा खाली येतो. सोड्याचे प्रमाण मात्र वाढवू नये, आणि काचेची बाटली तर वापरूच नये, कारण आत दाब वाढतो.

प्लावक बलाने आणि त्याच्या भाईबंदांनी मोठमोठ्यांनाही चकवले आहे. बर्लिनच्या हान्स लान्डोल्ट याने १८९० च्या दशकापासून १९०८ पर्यंत पंधरा निरनिराळ्या अभिक्रिया बंद काचनळ्यांत घडवून त्या अत्यंत संवेदनशील तराजूवर तोलल्या. नळीच्या दोन भुजांत दोन द्रावणे वेगवेगळी भरायची, तोंड वितळवून बंद करायचे, तोलायचे, नळी उलटी करून द्रावणे मिसळायची आणि पुन्हा तोलायचे, अशी ती पद्धत होती. सुरुवातीला त्याला अनेक अभिक्रियांत वस्तुमान किंचित घटल्यासारखे दिसले, आणि नियम अंदाजेच खरा आहे की काय अशी शंका काही काळ निर्माण झाली. पुढे उलगडा झाला तो असा, की अभिक्रियेच्या उष्णतेने काच किंचित प्रसरण पावते, त्यामुळे ती अधिक हवा बाजूला सारते, शिवाय काचेच्या पृष्ठभागावर नेहमी चिकटून असणारा बाष्पाचा पातळ थर उडून जातो. काच पूर्ववत होण्यास बराच काळ द्यावा लागतो. तेवढा धीर धरल्यावर साधारण एक कोटीत एक भाग इतक्या अचूकतेपर्यंत वस्तुमानात बदल आढळला नाही.

त्याच सुमारास, १९०५ मध्ये, आल्बर्ट आइन्स्टाइनने ऊर्जा आणि वस्तुमान यांचे समतुल्यत्व मांडले, ज्यानुसार संस्थेतून ऊर्जा बाहेर गेली तर तिचे वस्तुमानही त्या ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून येईल तेवढे कमी होते. म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या प्रत्येक अभिक्रियेत, काटेकोरपणे पाहिल्यास, थोडे वस्तुमान जाते. हायड्रोजन जळून १८ ग्रॅम पाणी तयार होते तेव्हा ही घट सुमारे ३ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे तीन अब्जांश असते, आणि लान्डोल्टच्या तराजूला ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. अणुकेंद्रकीय अभिक्रियांत ऊर्जा लक्षावधी पटींनी अधिक असल्याने घट सहज मोजण्याइतकी होते, म्हणून नियमाचे विधान करताना ‘रासायनिक अभिक्रियेत’ हे शब्द गाळू नयेत. घट होते याचा अर्थ मात्र वस्तुमान नाहीसे झाले असा घेतला जातो, तो बरोबर नाही. काच वायूला अडवते, उष्णतेला अडवत नाही. उष्णतेलाही अडवणारे पात्र असते तर आतील पदार्थ तापलेले राहिले असते आणि एकूण वस्तुमान जराही बदलले नसते. वर हिशेब केलेला १४.२ किलोंचा सिलिंडर जळताना साडेसहाशे मेगाज्यूलच्या आसपास उष्णता देतो, आणि तिच्याबरोबर जाणारे वस्तुमान, पासष्ट किलोंच्या त्या व्यवहारात, साधारण ७ मायक्रोग्रॅम भरते.